अनोळखी जिवाणू एन्झाइमची रचना आणि काम कसं शोधायचं

जिवाणूच्या जीनोमची यादी उघडली की जागोजागी एकच शेरा भेटतो: हायपोथेटिकल प्रोटीन. जनुक आहे, त्यापासून प्रथिन बनत असावं, पण ते करतं काय हे कुणी पाहिलेलं नाही. याहून फसवा शेरा म्हणजे ‘पुटेटिव्ह हायड्रोलेज’. नाव दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण ते नाव संगणकाने दुसऱ्या जिवाणूच्या यादीवरून उचललेलं असतं, तिथे ते तिसरीकडून आलेलं असतं, आणि अनेकदा मुळाशी जाऊन पाहावं तर परीक्षानळीत प्रयोग कुणीच केलेला नसतो.

असं एखादं एन्झाइम हाती आलं तर त्याची त्रिमितीय रचना आणि त्याचं काम कसं शोधायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. डोळ्यांसमोर एक उदाहरण असलेलं बरं. तेव्हा असं धरू: २७० अमिनो आम्लांचं, साधारण ३० किलोडाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक), पाण्यात विरघळणारं प्रथिन, अमिनो आम्लांचा क्रम पाहता एस्टरेज, म्हणजे एस्टर बंध तोडणारं एन्झाइम, असावं असा संशय. पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांची तऱ्हा वेगळी, ती इथे घेत नाही.

एक हट्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो खोटा पाडू शकेल असा एक प्रयोग करून ठेवायचा. या कामात माझे जे महिने वाया गेले, ते सगळे कुठला ना कुठला सोपा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, टाळल्यामुळे गेले.

आधी क्रम वाचा

क्रम घेऊन ब्लास्ट (सारखे क्रम शोधणारा प्रोग्राम) चालवा, पण सगळ्यात वर आलेल्या नावावर भिस्त ठेवू नका. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधला स्विस-प्रॉट हा भाग माणसांनी तपासलेला आहे. त्यातलं तुमच्या क्रमाच्या सगळ्यात जवळचं प्रथिन कोणतं आणि त्याच्यावर खरोखर प्रयोग झालेत का, ते बघा. साम्य ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर घडी (साखळी दुमडून झालेला आकार) बहुधा सारखी निघेल, पण दोघांचा सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, एकच असेल असं धरून चालू नका. फार दूरचे नातेवाईक ब्लास्टला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एचएचप्रेड आहे. कुटुंब कोणतं ते इंटरप्रो सांगतं.

मग शे-दोनशे नातेवाइकांचे क्रम एकाखाली एक मांडा आणि कुठली अक्षरं कुणीच बदललेली नाहीत ते पाहा. आपल्या उदाहरणात ग्लायसिन, काहीही, सेरीन, काहीही, ग्लायसिन अशी पाच जागांची खूण दिसेल. तिच्यापुढे काही अंतरावर एक ॲस्पार्टेट आणि शेवटाकडे एक हिस्टिडीन. ही तीन अमिनो आम्लं मिळून उत्प्रेरक त्रिकूट होतं. त्यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे तीच बदलायची आहेत.

जनुकाचे शेजारीही बघायचे. जिवाणूंत एकाच कामाची जनुकं बऱ्याचदा एका ओपेरॉनमध्ये रांगेने बसलेली असतात. शेजारी साखर आत घेणारा ट्रान्सपोर्टर असेल तर तुमचं एस्टरेज साखरेवरचे ॲसिटाइल गट उतरवत असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. क्रमाच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा तुकडा) आहे का, ते सिग्नलपीवर तपासा. असेल तर क्लोनिंग करताना तेवढा तुकडा काढून टाका, नाहीतर प्रथिन बाहेर जाण्याच्या रांगेत अडकून बसेल.

आता अल्फाफोल्ड, क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम. २०२० च्या कॅस्प या रचनेचा अंदाज बांधण्याच्या स्पर्धेत त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना मागे टाकलं, आणि बहुतेक ज्ञात क्रमांची मॉडेल्स आज तयार मिळतात. प्रत्येक अमिनो आम्लासमोर विश्वासाचा आकडा असतो. ९० च्या वर असेल तर खुशाल वापरा. ५० च्या खालचा भाग दोऱ्यासारखा लोंबताना दिसतो आणि तो बहुधा प्रत्यक्षातही स्थिर नसतो. असा लोंबता शेंडा स्फटिक होऊ देत नाही, म्हणून बांधणी (प्रथिनाचा जो तुकडा बनवायचा तो) कुठून कुठपर्यंत घ्यायची हे मॉडेल पाहूनच ठरवा. फोल्डसीकमध्ये तेच मॉडेल टाकलं की क्रम न जुळणारे पण घडी जुळणारे नातेवाईकही हाती लागतात. एक मर्यादा लक्षात असू द्या: डेटाबेसमधल्या या तयार मॉडेलमध्ये धातू नाही, पाणी नाही, सबस्ट्रेट नाही. ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे जिथे एन्झाइमचं काम घडतं त्या जागी, रिकामा खळगा दिसतो, तो खरंच रिकामा असतो असं नाही.

जनुक ते प्रथिन

ही पायरी आता इतकी रुळलेली आहे की लांबवत नाही. जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूच्या सवयीच्या कोडॉनमध्ये (अमिनो आम्लांच्या तीन-अक्षरी संकेतांत) बनवून घ्या, सहा हिस्टिडीनचा टॅग (निकेलला चिकटणारी शेपटी) आणि टेव्ह प्रोटिएजने कापता येईल अशी जागा जोडा, टी७ प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) असलेल्या व्हेक्टरमध्ये, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएत, घाला आणि ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) या वाणात चढवा. टॅग कुठल्या टोकाला लावायचा? मॉडेलमध्ये जे टोक ॲक्टिव्ह साइटपासून लांब आहे त्या टोकाला. अख्खा इन्सर्ट, म्हणजे घातलेलं जनुक, सिक्वेन्स करून घ्या, फक्त दोन्ही कडा नव्हे.

पहिली चाचणी लहान करा, १० मिलीलिटरवर. ३७ अंशांना ओडी (गढूळपणाचं माप) ०.६ ते ०.८ होईपर्यंत वाढवा, मग तापमान १८ अंशांवर आणा, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घाला आणि रात्रभर हलत ठेवा. सकाळी पेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून, सुपरनेटंट (वरचं द्रावण) आणि पेलेट (तळाचा साका) शेजारीशेजारी एसडीएस-पेजवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) चालवा. बँड पेलेटमध्ये असेल तर प्रथिन इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, गेलं. ते यूरियात विरघळवून परत घडी घालण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. आधी तापमान आणखी उतरवून बघा, बांधणीची टोकं बदलून बघा, जवळच्या दुसऱ्या जिवाणूतलं तेच एन्झाइम घेऊन बघा. शेवटचा उपाय लोकांना कमीपणाचा वाटतो, पण कितीतरी रचना अशाच सुटल्या आहेत.

शुद्धीकरण आणि एक फजिती

पेशी बर्फात ठेवून सोनिकेट करायच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडायच्या. बफर साधा: ५० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.५, ३०० मिलिमोलर मीठ, २० मिलिमोलर इमिडॅझोल. इथे एक जुनी सवय नडते. प्रोटिएज रोखायला म्हणून हात आपोआप पीएमएसएफच्या बाटलीकडे जातो. पण पीएमएसएफ उत्प्रेरक सेरीनलाच चिकटतं, आणि तुमच्या संशयित एन्झाइमचं काम सेरीनवरच चालतं. शुद्ध प्रथिन मेलेलं का, याचं उत्तर कधीकधी पहिल्या बफरमध्येच असतं. एन्झाइमला धातू लागत असण्याची शक्यता असेल तर ईडीटीएसुद्धा वर्ज्य. ते एन्झाइममधला धातू काढतं, शिवाय कॉलमवरचं निकेलही धुऊन नेतं.

निकेल कॉलमवरून २५० मिलिमोलर इमिडॅझोलने प्रथिन उतरवा, टेव्हने टॅग कापा, डायलिसिस करून इमिडॅझोल काढा, परत निकेलवरून सोडा म्हणजे न कापलेलं आणि निकेलला आपणहून चिकटणारं मागे राहील. शेवटी जेल फिल्ट्रेशन, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा कॉलम. सुपरडेक्स-७५ वर ३० किलोडाल्टनचा मोनोमर (एकटा रेणू) आणि ६० चा डायमर (जोडी) सहज वेगळे दिसतात. सगळं प्रथिन कॉलमच्या सुरुवातीलाच, व्हॉइड व्हॉल्यूममध्ये बाहेर पडलं तर ते गुठळ्या होऊन आलंय. ते गोळा करून पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता फजिती. माझ्या पहिल्या एस्टरेजला मी निकेलनंतर थांबलो होतो. जेलवर एकच ठसठशीत बँड होता, ॲक्टिव्हिटी उत्तम येत होती, केएम (निम्मा वेग येण्यासाठी लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण) आणि केकॅट (एका रेणूचा सर्वाधिक वेग) काढून झाले होते. मग सेरीनच्या जागी अ‍ॅलानिन घातलेला म्युटंट शुद्ध केला. त्याचीही ॲक्टिव्हिटी तेवढीच! काही आठवडे मी नव्या प्रकारची यंत्रणा सापडल्याच्या आनंदात होतो. एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, जेल फिल्ट्रेशनचा प्रत्येक फ्रॅक्शन मोजलास का? मोजला. प्रथिनाचं शिखर एकीकडे आणि ॲक्टिव्हिटीचं शिखर चार नळ्या आधी. ॲक्टिव्हिटी ई. कोलायच्याच कुठल्यातरी एन्झाइमची होती. जेलवर त्याचा बँडही दिसत नव्हता, पण हिशोब करून बघा: भेसळ अर्धा टक्का असली आणि तिचा वेग तुमच्या एन्झाइमच्या हजारपट असला, तर तुम्ही जे मोजता त्यातले सहापैकी पाच भाग भेसळीचेच.

तेव्हापासून दोन नियम मोडलेले नाहीत. ॲक्टिव्हिटीचा आलेख प्रथिन दाखवणाऱ्या २८० नॅनोमीटरच्या शोषणाच्या आलेखावर तंतोतंत बसला पाहिजे. आणि मृत म्युटंट अगदी त्याच पद्धतीने, त्याच कॉलमवर शुद्ध करून शेजारी ठेवला पाहिजे.

किती प्रथिन मिळालं ते २८० च्या शोषणावरून काढा. मोलर शोषकता म्हणून प्रत्येक ट्रिप्टोफॅनचे ५,५०० आणि टायरोसिनचे १,४९० धरायचे. तीन ट्रिप्टोफॅन, दहा टायरोसिन असतील तर बेरीज ३१,४००. वस्तुमान ३०,००० असल्याने १ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटरला शोषण साधारण १.०५ येईल. मास स्पेक्ट्रोमीटरवर अखंड प्रथिनाचं वजन एकदा तपासून घ्या. १३१ डाल्टन कमी आले तर पहिलं मेथिओनिन गळालंय, घाबरू नका. टॅग न कापलेल्या प्रथिनात १७८ डाल्टन जास्त दिसले तर ती ई. कोलायने हिस्टिडीन टॅगवर चढवलेली ग्लुकोनिक आम्लाची भर. असं मिश्रण स्फटिकाला त्रासदायक ठरतं. प्रथिन ५० मायक्रोलिटरच्या वाट्यांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा. एक वाटी एकदाच उघडायची.

काम मोजणं

एस्टरेजसाठी सगळ्यांचा आवडता सबस्ट्रेट म्हणजे पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेट. एस्टर तुटला की पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं आणि द्रावण पिवळं होतं, ४०५ नॅनोमीटरला मोजता येतं. सोपं, स्वस्त, आणि म्हणूनच यात फसायच्या जागा सगळ्यात जास्त.

पहिली: हा सबस्ट्रेट आपणहूनही तुटतो, आणि पीएच वाढेल तसा जास्त वेगाने. दुसरी: इमिडॅझोल स्वतः त्याला तोडतं. निकेल कॉलमवरून उतरलेला फ्रॅक्शन थेट घातला आणि पिवळा रंग आला, तर तो एन्झाइममुळे की इमिडॅझोलमुळे हे कळायला मार्ग नाही. डायलिसिस केल्यावरच मोजा, आणि कोऱ्या नळीत तोच बफर घाला ज्यात प्रथिन आहे. तिसरी: सीरम अल्ब्युमिनसारखं, एस्टरेज नसलेलं प्रथिनही या सबस्ट्रेटवर थोडं काम करतं. म्हणून तेवढ्याच वजनाचं अल्ब्युमिन घालून एक कंट्रोल ठेवा. तुमचं एन्झाइम त्याच्या कितीतरी पट वर असायला हवं.

चौथी जागा जरा नीट समजून घ्यावी लागते. पिवळा दिसतो तो पॅरा-नायट्रोफेनॉलचा आयन, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात असतात तो) ७.१५ च्या आसपास आहे. पीएच ८ ला सुटलेल्या रेणूंपैकी ८७-८८ टक्के पिवळे दिसतात, ७.१५ ला निम्मे, आणि ६ ला जेमतेम ७ टक्के. म्हणजे एन्झाइमचा वेग सगळीकडे अगदी सारखा असला तरी ४०५ वर मोजून पीएचचा आलेख काढला तर ‘या एन्झाइमला अल्कधर्मी माध्यम मानवतं’ असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष एन्झाइमबद्दल नसून रंगाबद्दल आहे. उपाय दोन. प्रत्येक पीएचला पॅरा-नायट्रोफेनॉलची वेगळी प्रमाणरेषा काढा. किंवा ३४८ नॅनोमीटरला मोजा, तिथे आयन आणि आम्लरूप दोन्ही सारखंच शोषतात.

एक मोजणी हाताने करून पाहू. पीएच ८, १ सेंटिमीटरची क्युव्हेट, १० नॅनोमोलर एन्झाइम. कोऱ्या नळीचा वेग वजा करून शोषण मिनिटाला ०.०३२ ने वाढतंय. आयनाची मोलर शोषकता १८,००० धरली, तर या पीएचला प्रभावी आकडा सुमारे १६,०००. म्हणजे ०.०३२ भागिले १६,०००, मिनिटाला २ मायक्रोमोलर. एन्झाइम ०.०१ मायक्रोमोलर असल्याने प्रत्येक रेणू मिनिटाला २०० वेळा, म्हणजे सेकंदाला तीनदा-सव्वातीनदा काम करतोय. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये मोजत असाल तर प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, २०० मायक्रोलिटरला तो जवळपास अर्धाच भरतो. हे विसरल्याने केकॅट निम्मं निघाल्याची उदाहरणं मी स्वतः तपासलेल्या प्रबंधांत पाहिली आहेत.

वेग मोजायचा तो सुरुवातीचा, १० टक्के सबस्ट्रेट संपायच्या आत. एन्झाइम दुप्पट केलं की वेग दुप्पट होतो का, ते सगळ्यात आधी बघा. होत नसेल तर पुढचं काहीच मोजू नका. मग सबस्ट्रेटचं प्रमाण केएमच्या पाचव्या भागापासून पाचपटीपर्यंत पसरवा आणि मिकेलिस-मेंटेनचं १९१३ चं समीकरण (वेग आणि सबस्ट्रेटचं प्रमाण यांचं नातं) थेट वक्र बसवून सोडवा. व्यस्त आकड्यांची सरळ रेषा दिसायला छान असते, पण ती सगळ्यात कमी, म्हणजे सगळ्यात चुकीच्या मोजणीला सगळ्यात जास्त वजन देते. ताळा म्हणून लक्षात ठेवा: मोजलेल्या एन्झाइमांमध्ये केकॅट भागिले केएम हा आकडा साधारण १०⁵ प्रति मोलर प्रति सेकंदच्या आसपास घुटमळतो, आणि १०⁸ ते १०⁹ च्या पलीकडे रेणूंची गाठभेटच तेवढ्या वेगाने होत नाही. तुमचा आकडा १०¹⁰ आला तर चूक प्रथिनाच्या प्रमाणात शोधा.

यानंतर साखळीची लांबी बदला: ॲसिटेट, ब्युटिरेट, ऑक्टानोएट, पामिटेट. आखूड साखळ्या तोडतं ते एस्टरेज, दहा कार्बनच्या वरच्या तोडतं ते लायपेज, अशी ढोबळ वाटणी आहे. वेग ब्युटिरेटला सर्वाधिक आणि ऑक्टानोएटला एकदम कोसळला, तर खळगा उथळ असणार. हा अंदाज तारीख घालून लिहून ठेवा. रचना हाती आल्यावर तोच खोटा ठरतो का ते बघायचं आहे.

स्फटिक

रचनेसाठी ३० किलोडाल्टनला स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकण्याचाच मार्ग बरा. क्रायो-ईएमला (गोठवलेल्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीला) एवढा लहान रेणू अजूनही जड जातो. जेल फिल्ट्रेशनमध्ये तुमचं प्रथिन बारा-बारा मिळून साडेतीनशे किलोडाल्टनचं निघालं असतं, तर मी उलट सल्ला दिला असता. एनएमआर (चुंबकीय अनुनाद) या आकाराला जमेल, पण वेळखाऊ आहे.

जेम्स समनरने १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक केले, तेव्हा एन्झाइम हे प्रथिन असतं यावरच पुष्कळांचा विश्वास नव्हता; नोबेल मिळायला १९४६ उजाडलं. त्याला वर्षं लागली, आपल्याला रोबो आहे. प्रथिन १० मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर करा, ९६ परिस्थितींची तयार स्क्रीन घ्या, प्रत्येक ड्रॉपमध्ये १०० नॅनोलिटर प्रथिन आणि १०० नॅनोलिटर विहिरीतलं (प्लेटच्या खाचेतलं) द्रावण. एका अख्ख्या प्लेटला प्रथिन लागतं जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. म्हणून चार-पाच वेगवेगळ्या स्क्रीन लावा, एक संच २० अंशांना, एक ४ अंशांना.

पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली साधारण निम्म्या ड्रॉपमध्ये गढूळ साका आणि निम्मे स्वच्छ, असं असेल तर प्रमाण बरोबर आहे. सगळेच गढूळ असतील तर प्रथिन पातळ करा, सगळे स्वच्छ असतील तर घट्ट करा. मग एका सकाळी एका ड्रॉपमध्ये कडा असलेलं काहीतरी चमकतं. नाचण्याआधी ते प्रथिन आहे की मीठ ते बघा. अतिनील प्रकाशात ट्रिप्टोफॅनमुळे प्रथिनाचा स्फटिक उजळतो, मिठाचा उजळत नाही. सुईने टोचलं तर मीठ कडकन मोडतं, प्रथिनाचा स्फटिक थिजलेल्या तुपासारखा चिरडतो. टोचायला तो एकटाच स्फटिक वापरू नका, हे सांगायची गरज नसावी, पण मी एकदा तेही केलंय.

सुयांचे झुबके आले तर ते चिरडून बी बनवा आणि शेजारच्या परिस्थितींत पेरा. माइक्रोसीडिंगइतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. मोठा स्फटिक मिळाला की २० ते २५ टक्के ग्लिसरॉल असलेल्या विहिरीच्याच द्रावणात बुडवा, नायलॉनच्या फासात उचला आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये. मोजणी सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर), १०० केल्विनला.

नकाशातून मॉडेल

डेटा आला की पूर्णता आणि सीसी-अर्ध (डेटाच्या दोन अर्ध्या भागांची जुळणी) बघून रिझोल्यूशनची सीमा, म्हणजे किती बारकावा खरा मानायचा ते, ठरवा. २ अँगस्ट्रॉमला पाण्याचे रेणू स्वच्छ दिसतात. ३ ला बाजूच्या साखळ्या ओळखताना अंदाज करावा लागतो. फेजसाठी (क्ष-किरणांच्या लहरींची ती माहिती जी डेटात येत नाही) पूर्वी सेलेनियम घातलेलं प्रथिन बनवण्याची यातायात असे. आता अल्फाफोल्डचं मॉडेल घ्या, कमी विश्वासाचे भाग छाटा, आणि फेझर या प्रोग्राममध्ये मॉलेक्युलर रिप्लेसमेंट (ओळखीच्या मॉडेलवरून फेज काढणं) करा. बहुतेकदा उत्तर निघतं. एक सावधगिरी: मॉडेल स्वतःचीच सावली इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशावर पाडतं. ज्या भागाबद्दल शंका आहे तो मॉडेलमधून वगळून नकाशा पुन्हा काढा, आणि घनता आपणहून परत दिसते का ते पाहा.

आर-फ्रीसाठी (मॉडेल आणि डेटा यांतल्या फरकाचं निष्पक्ष माप) क्ष-किरणांचे ५ टक्के ठिपके पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावू नका. २ अँगस्ट्रॉमला आर-फ्री ०.२५ च्या आत यायला हवा. कूट या मॉडेल दुरुस्त करण्याच्या प्रोग्राममध्ये एकेक अमिनो आम्ल डोळ्यांखालून घाला. साखळीचे कोन तपासणारा रामचंद्रन आलेख, जो जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला, आजही पहिला पहारेकरी आहे. पण त्याच्या बाहेर पडलेलं प्रत्येक अमिनो आम्ल चूक नसतं. या घराण्याच्या एन्झाइमांत उत्प्रेरक सेरीन एका घट्ट वळणावर बसतं आणि त्याचे कोन बऱ्याचदा अशा ताणलेल्या जागी पडतात. घनता स्पष्ट असेल तर त्याला जबरदस्तीने आत ढकलू नका.

ॲक्टिव्ह साइटमध्ये अनोळखी घनता दिसली की हात शिवशिवतात. सबस्ट्रेट बसवून टाकावासा वाटतो. आधी तुमच्या नळीत काय काय होतं त्याची यादी करा: ग्लिसरॉल, हेपीस, पीईजी, सायट्रेट, इमिडॅझोल. दहापैकी नऊ वेळा उत्तर त्या यादीतच असतं. धातूचंही तसंच. पाणी, सोडियम आयन आणि मॅग्नेशियम आयन या तिघांत इलेक्ट्रॉन दहाच, क्ष-किरणांना ते जवळजवळ एकसारखे दिसतात. अंतरांवरून ओळखायचं: मॅग्नेशियमपासून ऑक्सिजन सुमारे २.१ अँगस्ट्रॉमवर, सहा जणांचा नीटस घेर. कॅल्शियमला अंतर २.४ च्या आसपास. पाण्याचा हायड्रोजन बंध २.८ च्या जवळपास.

रचना आणि काम जोडताना

रचना कुठे बघायचं ते दाखवते. तिथे काय घडतं ते वेगळं सिद्ध करावं लागतं. याचा सगळ्यात मोठा दाखला रचना सुटलेल्या पहिल्याच एन्झाइमचा आहे. १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमची रचना सोडवली, आणि त्यावरून मांडलेली यंत्रणा पाठ्यपुस्तकांत गेली: मध्ये एक मोकळा धनभारित टप्पा. २००१ मध्ये फ्लोरिन घातलेल्या साखरा आणि एक म्युटंट वापरून दाखवलं गेलं की एन्झाइमचं ॲस्पार्टेट साखरेशी सहसंयुज बंधच करतं. पहिली रचना चुकीची नव्हती. तिच्यावरून वाचलेली गोष्ट अपुरी होती.

म्हणून आता वहीतल्या त्या तीन क्रमांकांकडे परत या. सेरीनचं अ‍ॅलानिन, ॲस्पार्टेटचं ॲस्परॅजिन, हिस्टिडीनचं अ‍ॅलानिन. प्रत्येक म्युटंटची ॲक्टिव्हिटी गेली एवढं पुरेसं नाही; घडी शाबूत आहे हेही दाखवा. सायप्रो ऑरेंज हा रंग घालून वितळण्याचं तापमान मोजलं आणि ते मूळ प्रथिनाच्या एक-दोन अंशांत असलं, तर म्युटंट मोडलेला नाही, फक्त काम थांबलंय. सेरीनचा मृत म्युटंट आणखी एका कामाचा. त्याच्या स्फटिकात सबस्ट्रेट मुरवला तर तो न तुटता जागेवर राहू शकतो, आणि पकड कुणाकुणाची आहे ते दिसतं.

खळगा खरंच उथळ निघाला का? तळाशी एखादं ट्रिप्टोफॅन वाट अडवून बसलेलं दिसलं, तर त्याच्या जागी अ‍ॅलानिन घाला आणि ऑक्टानोएट पुन्हा मोजा. लांब साखळीचा वेग चढला आणि ब्युटिरेटचा फारसा हलला नाही, तर रचना आणि मोजणी एकच गोष्ट सांगताहेत.

आणि तरीही जिवाणूच्या पोटात पॅरा-नायट्रोफेनिल काही नसतं. खरा सबस्ट्रेट शोधायला जनुक काढून टाकलेला जिवाणू बनवा, तो कशावर वाढत नाही किंवा त्याच्यात काय साठतं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने बघा, आणि मग जनुक परत घालून दोष दुरुस्त होतो का ते तपासा. परत घालताना एका जिवाणूत चांगलं जनुक, दुसऱ्यात सेरीन बदललेलं. दुसऱ्याने दोष दुरुस्त केला तर काम एन्झाइमच्या उत्प्रेरणाचं नाही, प्रथिनाच्या नुसत्या असण्याचं आहे. ही पायरी महिनोन्‌महिने खाते आणि कधीकधी उत्तर मिळतच नाही. तसं झालं तर ‘आखूड साखळ्यांचं एस्टरेज, नैसर्गिक सबस्ट्रेट अज्ञात’ एवढंच लिहा.

शेवटी निर्देशांक आणि मूळ डेटा दोन्ही प्रोटीन डेटा बँकेत जमा करा. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालेल्या या बँकेने २००८ पासून मूळ डेटाही सक्तीचा केला आहे. तिचा पडताळणी अहवाल संपादकाकडे जाण्याआधी स्वतः वाचा. पेपर आला की युनिप्रॉटला कळवा, म्हणजे तिथली नोंद सुधारते. जीनोमच्या मूळ नोंदीतलं ‘हायपोथेटिकल’ मात्र ती नोंद जमा करणाऱ्यालाच बदलता येतं. त्यांना वेगळा ईमेल करावा लागतो, आणि बहुधा दुसराही.